मदत हवी आहे: आरएक्स १०० बोअर करून सीज झाली, मेस्त्रीवर विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी, टू-स्ट्रोकवाले कोणी असाल तर प्लीज पूर्ण वाचा, थोडं लांबलंय.

गाडी काकांची, ९३ची यामाहा आरएक्स १००, सध्या माझ्याकडे कोल्हापुरात. पॉवर गेलेली आणि पिस्टन खडखडत होता म्हणून एका जुन्या मेस्त्रीकडे टाकली, त्यांनी ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) बोअर करून, म्हणजे आतून कातून थोडा मोठा करून, नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या. आवाज एकदम गोड. रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवीन पिस्टन बसेपर्यंत, चाळीसच्या वर काढू नको म्हणाले, नाही काढली. आणि परवा पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन ब्लॉकमध्ये अडकला, आणि मागचं चाक एकदम धरलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. गार झाल्यावर किक बसली, हळूहळू घरी आणली.

आता मेस्त्री म्हणतात, तूच तापवलीस, परत बोअर करून पुढच्या साइझवर जायला लागणार. मूळ बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) ५० एमएमचा, त्यावर पाव-पाव एमएम वाढवत एक एमएमपर्यंत पिस्टन मिळतात, म्हणजे ब्लॉकचं आयुष्य मोजकंच. मागच्या वेळी कितीचा टाकला विचारलं तर म्हणे ‘बघायला लागंल’. अहो मामा, तुम्हीच टाकलाय की!

माझ्या डोक्यात शंका यायची कारणं सांगतो. हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) नटांचे कोपरे गोल झालेत, म्हणजे पाना नीट बसवून नाही, पकडीनं फिरवलेत. ब्लॉकच्या खाली गॅस्केटच्या कडेनं सिलिकॉन बाहेर आलंय, बाहेर एवढं तर आत किती गेलं असेल देव जाणे. जुना पिस्टन मागितला तर भंगारात गेला. आणि सगळ्यात खटकलं ते म्हणजे ब्लॉक लेथवर आधी गेला आणि पिस्टन नंतर आला, माझ्या समजुतीप्रमाणे पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर मारतात ना? शिवाय इंजिनला आपोआप टू-टी ऑइल देणारा पंप न विचारता बंद केला, ऑइल पेट्रोलमध्येच लिटरला वीस एमएल टाक म्हणाले. नवीन बोअरला एवढं पुरतं का, कोणी पंचवीस-तीस सांगतं.

पण माणूस चोर वाटत नाही हो. मजुरी कमी घेतली, कार्ब्युरेटर न सांगता साफ केला, प्लगचा रंग बघून जेटिंग (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल किती जातं ते) कसं चाललंय ते मला दाखवलं, आणि आसपासच्या सगळ्या आरएक्स त्यांच्याच दारात असतात. दुसरीकडे जाऊ तरी कुठं, ही गाडी ९६ला बंद झाली, नवीन पोरं २०२० नंतरच्या बीएस-सिक्स इंजेक्शनवर हात बसलेली, टू-स्ट्रोक बघितलं की ‘विकून टाका दादा’.

तर प्रश्न असा की पिस्टन बाहेर आल्यावर मी नक्की काय बघू म्हणजे चूक कोणाची ते कळेल? एका ओळखीच्यानं सांगितलं की पिस्टनला चारी बाजूला ओरखडे असतील तर क्लिअरन्स (पिस्टन आणि ब्लॉकमधली फट) टाइट किंवा गाडी गार असतानाच पिळली, फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर तापली किंवा मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि क्रँकच्या दोन सीलांपैकी मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं ऑइल सील हवा ओढत असेल तरी लीनच होते. हे सील बदललं का विचारलं तर ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर. सील न बदलता परत बोअर केला तर परत तेच होणार ना? आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे पाहिजे हे तर मलाही माहितीय, ते पण बघतो.

हेड माझ्यासमोर उघडा म्हटलं तर म्हणाले ‘डोक्यावर कोण उभं राहिलं की माझा हात चालत नाही’. यावर काय बोलायचं? वयानं मोठे आहेत, तोंडावर अविश्वास दाखवायला जमत नाही. मी ब्लॉक-पिस्टन उचलून उद्यमनगरात दुसऱ्या लेथवाल्याकडून माप काढून आणलं तर ते परत कामाला हात लावतील का?

शनिवारी गाडी टाकतो म्हणून सांगितलंय, त्याआधी सांगा. आणि तुमच्याकडे बोअरिंग आणि होनिंगचे (बोअर केल्यावर आतून घासून फिनिश करायचे) किती घेतात तेही लिहा, दोन्ही क्रँक सील धरून.