माळावरची एकच दुर्बीण: आठ की दहा? आणि टिकाऊ म्हणजे नक्की काय?

माळावरचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो होतो. पठ्ठ्याने ऑनलाइन एक दुर्बीण मागवली होती, पण पक्षी बघायची नव्हे, रायफलवर बसवायची. ३-९×४० (तीन ते नऊ पट, पुढची काच ४० मिलिमीटरची), काळी कुळकुळीत, दीड वीत लांब. "मामा, तुमच्या दुर्बिणीच्या निम्म्या पैशात नऊपट झूम!" कुंपणाशी उभं राहून त्याने ती डोळ्याला लावली, आणि पाचच मिनिटांत मोटारसायकलवरून वनरक्षक हजर. पहिला प्रश्न: "बंदूक कुठाय?"

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने माळढोक, काळवीट आणि लांडगा तिघेही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि हे अभयारण्य १९७९ पासूनचं. त्या माणसाचं काहीच चुकलं नाही. गाडीची डिकी उघडून दाखवली. आतून निघाली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याची बाटली. भाकरीवर प्रकरण मिटलं.

गंमत म्हणजे त्या दुर्बिणीतून दिसतही काही नव्हतं. रायफलच्या दुर्बिणीपासून डोळा साडेतीन-चार इंच लांब ठेवावा लागतो, नाहीतर गोळी सुटल्यावर धक्क्याने तीच भुवईवर येऊन आदळते. हातात धरून बघायला गेलं की डोळा जरा हलला तरी बाजूने काळी सावली आत शिरते. भाचा अर्धा तास त्या सावलीशी झटापट करत होता.

तर परत येताना गाडीत जो वाद झाला तो इथे मांडतो. माझं मत असं: सोलापूरच्या माणसाने आयुष्यात एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ती ८×४२ घ्यावी. झूम नको, दहापट नको. पैसे मोठ्या पटीवर घालवू नयेत, पाणी-धूळ आत जाणार नाही अशा बंद नळीवर घालवावेत. नान्नजचा माळ, हिप्परगा तलाव, उजनीचं पाणलोट, सगळीकडे ती चालते. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

दहाबाय

साफ अमान्य. आठपट दुर्बीण जंगलवाल्यांची. ताडोबात पक्षी वीस मीटरवरच्या फांदीवर बसतो. आपल्याकडे झाड कुठाय? सगळा माळ आणि आभाळ. तिकडे लांब भोवत्या, म्हणजे माळावरचा शिकारी पक्षी, घिरट्या घालतोय आणि तुम्ही आठपटीने "तपकिरी काहीतरी" म्हणून वहीत लिहिणार. मी दहा वर्षं १०×४२ वापरतोय. पांढुरका भोवत्या की माँटेग्यूचा, हे ठरवायला पंखाच्या टोकावरचा काळा भाग बघावा लागतो. तिथे दहा लागतातच.

माळावरचा

हिशेब करू. पक्षी ४०० मीटरवर आहे. आठपटीने तो ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहापटीने ४० मीटरवर. सगळा वाद या दहा मीटरचा आहे. त्या बदल्यात तुम्ही काय देता? १००० मीटरवर आठपटवाली साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, दहापटवाली साधारण ११० चा. भोवत्या उडतोय, थांबलेला नाही. तो आधी सापडला पाहिजे ना? वर हाताची थरथरही दहापटीने मोठी होते. आणि चाळिशीनंतर थरथर नाही असं सांगणारा माणूस मला दाखवा.

दहाबाय

मला नाही थरथर. चहा कमी करा.

चष्मेवाली

मी शाळेत शिक्षिका आहे, बार्शी रोडला राहते. दोघेही गड्यांसारखे आकड्यांवर भांडताय, डोळ्यांचा विचार कोणी करेना. चष्मा असणाऱ्यांनी आधी हे बघावं की डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो. पंधरा मिलिमीटरच्या आत असेल तर चष्म्यातून नुसतं मधलं भोक दिसतं, कडा गायब. माझी पहिली दुर्बीण अशीच होती. दुकानात चष्मा काढून बघितली, छान वाटली. माळावर गेले आणि चष्मा काढू की दुर्बीण धरू यातच चंडोल उडून गेला.

दुसरं वजन. पाऊण किलोची दुर्बीण सकाळी सहाला गळ्यात घातली की नऊ वाजता मान बोलायला लागते. मग माणूस ती पिशवीत ठेवतो, आणि पिशवीतल्या दुर्बिणीला पक्षी दिसत नाहीत. धागाकर्त्यांशी सहमत, आठच. पण हलकी.

फोटूवाला

काय बे सगळे अजून दुर्बिणीत अडकलाय! निकॉनचा पी-९०० कॅमेरा घ्या, ८३ पट झूम. पी-१००० ला १२५ पट. पक्षी बघितला, फोटू काढला, घरी येऊन मोठा करून ओळखला. विषय संपला.

माळावरचा

१२५ पट झूम करून मे महिन्यात दुपारी बारा वाजता नान्नजच्या माळावर एक फोटो काढून इथे टाका. काळविटाचे पाय पाण्यात बुडालेले दिसतील आणि पाणी थेंबभर नसेल. ऊन चढलं की जमीन तापते, वर तापलेली हवा नाचायला लागते. जितकी पट वाढवाल तितका तो नाच मोठा होतो. भिंग जर्मनीचं असो नाहीतर जपानचं, मधली हवा सोलापूरचीच असते.

फोटूवाला

ते खरंय. माझे दुपारचे लई फोटू तसलेच आलेत. मला वाटायचं फोकस चुकतोय.

रिटायर्ड सुभेदार

धागा रात्री वाचला. टिकाऊ शब्दावर बोलतो, कारण शब्द वर शीर्षकात आहे आणि खाली सगळे पटीवर भांडताहेत.

नोकरीत ड्रॅगुनोव ही रशियन बनावटीची लांब पल्ल्याची रायफल हाताळली. तिच्यावरची दुर्बीण पीएसओ-१, ४×२४. चारपट, फक्त चार. नळी बंद, आत नायट्रोजन, मागे रबरी कप. पट वाढवायचं चाकच नाही, मग बिघडणार काय? आत काचेवर आखलेल्या खुणांवरून १.७ मीटर उंचीचा माणूस किती अंतरावर उभा आहे ते कळतं. चारपटीत भागायचं, कारण नेमबाजाला आधी शोधायचं असतं, मग ओळखायचं.

रायफलच्या दुर्बिणीत टिकाऊपणाचा अर्थ एकच: झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा एकदा बसवलेला मेळ, धरून ठेवते का. काच फुटली नाही म्हणजे टिकली, असं नसतं. झिरो करून एक गोळी मारा. मग चाक वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर एकेक गोळी. शेवटची गोळी पहिल्या भोकाला येऊन भिडली तर दुर्बीण खरी. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या कितीतरी इथेच उघड्या पडतात.

अमेरिकेत जिथे परवान्याने हरणाची शिकार चालते, तिथे सर्वसाधारण रायफलीवर ३-९×४० हा जुना सर्रास चालणारा मेळ. ५०-५६ मिलिमीटरची मोठी काच लावली की दुर्बीण उंच कड्यांवर बसवावी लागते, गाल बटावरून उचलावा लागतो, आणि प्रत्येक धक्क्याला तेवढं जास्त वजन कड्यांना ओढतं. गोळी मैलभर गेली तरी उपयोग दोनशे-तीनशे मीटरचाच. मग ओझं कशाला?

तुमच्या माळावरच्या दुर्बिणीलाही हेच लागू. चालणारे भाग कमी, वजन कमी, नळी बंद. आठ घ्या.

दहाबाय

सुभेदारसाहेब, मान राखून बोलतो. तुमच्याच हिशेबाने अमेरिकेतले शिकारी ३-९ लावतात, म्हणजे नऊपट वापरतातच ना? आणि झूम असूनही ती टिकते. मग स्थिर पटीचा आग्रह का?

रिटायर्ड सुभेदार

ते झाडीत चालताना तीनवर ठेवतात. नऊ असते कागदावर आणि रेंजवर. राहिला झूमचा प्रश्न. रायफलला नळी एक. तुमच्या झूमवाल्या दुर्बिणीला दोन, दोन्हीकडची पट केसभरही न चुकता सारखी सरकली पाहिजे. स्वस्तात ते जमत नाही. डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरं. अर्ध्या तासात डोकं धरतं.

जुळे सोलापूरकर

अवांतर, पण राहवत नाही. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही, छोट्या भोकातून नेम धरायचा.  आपल्या शेजारचा कोल्हापूरचा पोरगा दुर्बिणीशिवाय हे करतो आणि आपण माळढोकाएवढा मीटरभर उंच पक्षी बघायला आठ की दहा करतोय.

फोटूवाला

माळढोक आधी दिसू तर दे.

माळावरचा

हे मात्र बोललास. आता तो दिसला तर नशीब. म्हणून तर म्हणतो, धाविक, माळटिटवी, खोकड, चंडोल यांच्यासाठी दुर्बीण घ्या.

हिप्परगा

मी संध्याकाळचा माणूस. तलावावर पट्टकदंब उतरतात ते बघायला थांबतो. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटर. १० ने भागा, चार पूर्णांक दोन. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढ्या रुंदीचा. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटर होते, तेव्हा दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ. दिवेलागणीला बाहुली मोठी होते आणि तिथे आठवाली पुढे जाते. लांडगा आणि खोकडही तेव्हाच हलतात. मात्र साठी ओलांडलेल्यांची बाहुली तितकी उघडत नाही, तेव्हा बाबांसाठी घेताना या फरकाचे जास्त पैसे मोजू नका.

चष्मेवाली

टिकाऊपणावर माझी रड ऐका. सासऱ्यांची रशियन दुर्बीण होती, पोरो प्रकारची, वाकड्या खांद्यांची. लोखंडी, जड, दणकट. तिला काय होतंय म्हणून चामड्याच्या डब्यासकट कपाटात ठेवली. दोन पावसाळ्यांनी उघडली तर आतल्या लोलकावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. सोलापूर कोरडं, इथे कसली बुरशी, असं मी सगळ्यांना सांगत असे! चामडं ओल धरून ठेवतं. दुरुस्तीला दिली तर दुकानदाराने लोलक काढले आणि परत बसवताना वाकडे बसवले. आता तिच्यातून एका कावळ्याचे दोन दिसतात.

माळावरचा

दोन कावळ्यांची परीक्षा सगळ्यांनी करावी, विशेषतः जुनी घेताना. लांबच्या आडव्या विजेच्या तारेकडे बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. दोन्ही गोलांत तार एका रेषेत राहिली तर ठीक. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसली तर ती कधीतरी पडलेली आहे, विकणारा काहीही सांगो.

पण आपल्या भागात बुरशीपेक्षा धूळ जास्त दुर्बिणी मारते. मुरमाची धूळ म्हणजे बारीक दगडच. भिंगावर बसते आणि आपण शर्टाच्या टोकाने पुसतो, म्हणजे काचेवरचा लेप पॉलिश पेपरने घासतो. आधी रबरी फुग्याने हवा मारून उडवायची, मग कापड. माझ्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर २०११ सालची एक ओढ आहे, पंच्याने पुसल्याची. सूर्य समोर असला की ती अजून चमकते.

आणि आयपीएक्स-७ लिहिलेली बघा. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालते. पाण्यात कोण टाकतंय असं वाटेल. पण जिथून पाणी शिरत नाही तिथून धूळही सहसा शिरत नाही. आपल्याला पाण्याचं नाही, या धुळीचं प्रमाणपत्र पाहिजे.

बार्शीकर

भाच्याची ती रायफलवाली विकायचीय का? माझ्याकडे .१७७ ची स्प्रिंगची एअरगन आहे, शेतात डब्यांवर मारतो.

रिटायर्ड सुभेदार

आधी ती एअरगनसाठी बनवली आहे का ते बघा. स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, दट्ट्या टोकाला आदळतो तेव्हा पुढे. साधी दुर्बीण मागचा धक्का सोसायला बनवलेली असते. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारी या छोट्या बंदुकीवर खिळखिळी होते. आणि डब्यांवरच मारा, होल्यांवर नको.

बार्शीकर

डब्यांवरच. आईशप्पथ.

माळावरचा

आजचा वृत्तांत. दहाबाय आणि मी, दोघे सहाला माळावर. सात वाजता मुरमाड पट्ट्यात धाविक सापडले, तीन. धावायचे, थबकायचे, वाकायचे, पुन्हा धावायचे. सापडले माझ्या आठपटीत, हे नोंदवून ठेवतो. पण भुवईची पांढरी रेघ आणि खालची काळी पट्टी दहाबायनी आधी सांगितली. मी दुर्बिणी बदलून बघितल्या, रेघ दहापटीत खरंच सुटी दिसत होती. साडेनऊनंतर दोन्हींतून नुसती थरथरती ढेकळं.

दहाबाय

म्हणजे मी जिंकलो.

माळावरचा

साडेनऊपर्यंत.

चष्मेवाली

पुढच्या रविवारी मीही येते. दोन कावळ्यांची दुर्बीण आणते, सुभेदारांना यायला सांगा. लोलक हलवता आला तर बघू म्हणावं.