घरी शिकलेली मुलगी, बीएस्सीला प्रवेश: दहावी-बारावीचं काय करू?

कैरीची_फोड (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

लेकीला पाचवी झाल्यावर शाळेतून काढलं. का ते सांगत बसत नाही, नाहीतर धागा तिकडेच पळेल. तेव्हापासून ती घरीच शिकते. येत्या भाद्रपदात पंधरा पूर्ण होतील. वाचन दोन्ही भाषांत भरपूर, गणित बरं, आणि कोळी. आठ पायांचे. बाल्कनीत काचेच्या बरण्या आहेत, कुणी कधी कात टाकली याची तारीखवार वही आहे. तिला प्राणिशास्त्रात बीएस्सी करायचं आहे, तेही रोज जायच्या कॉलेजात, पुण्यात.

दोन प्रश्न. दहावी-बारावीच्या कागदाशिवाय पदवीला घेतात का? नसतील घेत तर कुठलं बोर्ड धरू? पदवीच्या दारापर्यंत पोचायचं बजेट सगळं मिळून २५ हजार. क्लास नको. आणि घरशाळा चांगली की वाईट ही चर्चा कृपया इथे नको.

दिवा_लोकल
डोळे झाकून केंब्रिज बोर्ड. माझ्या भाचीने खासगी परीक्षार्थी म्हणून आयजीसीएसई दिली, मग ए लेव्हलचे तीन विषय. इंग्रजी असं सुधारलंय की आता आमच्याशी मराठीत बोलतच नाही. खर्च दोन-अडीच लाख आला, पण शिक्षणात हात आखडता घेऊ नये.

कैरीची_फोड
धन्यवाद. बजेट २५ हजार आहे.

दिवा_लोकल
हो, वाचलं. थोडं ताणायचं.

मुद्देसूद
चर्चा नको म्हणालात म्हणून एकच मुद्दा मांडतो. मुलांना डबा वाटून खायची सवय शाळेतच लागते. आमच्या वेळी साठ जणांचा वर्ग होता, बिघडलो का?

खवचट_मांजर
@मुद्देसूद, उत्तर देऊ का?

टपालपेटी
मुद्द्यावर येऊ. माझा मुलगा सहावीनंतर घरी शिकला, आता बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनआयओएस करा. केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय बोर्ड, १९८९ पासून चालू. वय १४ पूर्ण असेल तर थेट दहावीला नोंदणी होते. आठवीचा कागद नसेल तर 'दहावी झेपेल इतका अभ्यास केला आहे' असं स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. वीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे, त्या हलक्यात घेऊ नका. आमच्या चिरंजीवांनी इतिहासाची असाइनमेंट शेवटच्या रात्री, दिवे गेलेले असताना, माझ्या मोबाईलच्या उजेडात लिहिली. गुणांवरून ते कळतं.

दहावीचा खर्च आम्हाला नोंदणी आणि परीक्षा धरून चार-पाच हजार आला. बारावी वेगळी.

शेंगदाणा_कूट
+१ एनआयओएस.

हडसनकाठ
इतका त्रास बघून वाईट वाटतं. आम्ही न्यू जर्सीत. इथे मूल घरी शिकवायचं तर शाळेला आधी कळवणंही सक्तीचं नाही. थोरल्याची चार वर्षांची गुणपत्रिका हिनेच टाइप केली, खाली आईची सही. कम्युनिटी कॉलेजने घेतली, तिथून तो पुढे विद्यापीठात गेला. हायस्कूलचा डिप्लोमा म्हणजे देवाघरचा दाखला नव्हे.

खवचट_मांजर
आईच्या सहीची गुणपत्रिका पुण्यातल्या कॉलेजच्या खिडकीवर द्या आणि तो क्षण आमच्यासाठी चित्रित करा.

हडसनकाठ
म्हणून तर आम्ही इकडे आलो.

मुद्देसूद
आणि गणपतीला मोदक ऑनलाइन मागवता. असो.

सायंतारा
अहो, आपली मुंबईची मालविका जोशी विसरलात? दहावी नाही, बारावी नाही, आणि २०१६ साली थेट अमेरिकेतल्या एमआयटीत. पेपरात आलं होतं. कागदावर काही नसतं, गुणवत्ता हवी. ताई, बिनधास्त राहा.

टपालपेटी
तीच बातमी पूर्ण वाचा. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं होती तिची. आणि आपल्या आयआयटीचं दार बारावी नाही म्हणूनच बंद होतं. देशात तिला घेतलं ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने. एक मुलगी, एक संस्था. त्यावर घर बांधू नका.

सायंतारा
कोळ्यांचं ऑलिम्पियाड असतं का?

कैरीची_फोड
लेक म्हणाली, असतं तर मी आधीच भरलं असतं :)

जळगाव_केळी
मी काय केलं ते सांगते. लग्न सतराव्या वर्षी, शाळा नववीत सुटली. बत्तिसाव्या वर्षी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम केला आणि त्यावर बीए. दहावी-बारावी नसलेल्या, वय वर्षं अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच ती सोय होती. पदवीच्या दिवशी धाकटा कडेवर होता, फोटोत गाऊनची बाही त्याच्या तोंडात आहे. म्हणजे ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे.

रद्दीवाले_नाना
विद्यापीठाच्या पात्रता विभागात एकवीस वर्षं टेबल सांभाळलं, आता निवृत्त. केळीताई, तुमचं कौतुकच आहे. पण ते 'हो' अर्धं आहे.

पूर्वतयारी किंवा इग्नूचा (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) तसाच सहा महिन्यांचा बीपीपी म्हणजे बारावी नव्हे. त्यावरून त्याच विद्यापीठाच्या बीए, बीकॉमसारख्या ठरावीक पदव्यांना जाता यायचं. बीएस्सी प्राणिशास्त्राला नाही. दुसरं कॉलेज तो कागद बघून 'बारावी कुठाय?' असंच विचारणार, आणि त्याचं चुकत नाही. बीएस्सीला बारावी विज्ञान किंवा समकक्ष लागते. 'समकक्ष' या एका शब्दावर माझी एकवीस वर्षं गेली.

समकक्ष म्हणजे मान्यताप्राप्त बोर्ड. एनआयओएस बसतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पण बोर्ड राज्य मंडळाखेरीज दुसरं असलं की पात्रता अर्ज आणि मायग्रेशन (एका बोर्डातून दुसरीकडे जायचा दाखला) आलं. एनआयओएस मायग्रेशन आणि ट्रान्सफर एकाच कागदावर देतं. खिडकीवरचा मुलगा 'शाळा सोडल्याचा दाखला' मागेल तेव्हा हाच कागद पुढे करायचा, आणि घाबरायचं नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसतं.

तो लॅमिनेट करू नका. हात जोडून सांगतो. लोक प्रेमाने प्लास्टिकमध्ये घालून आणतात आणि मग मागे शिक्का उठत नाही.

तुम्ही १७ नंबरचा फॉर्म का बघत नाही, हा एक प्रश्न. पाचवी पास आणि १४ पूर्ण असलं तर राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते.

दिवा_लोकल
१७ नंबर?? तो नापास मुलांचा फॉर्म असतो. भाचीला कुणी सुचवला असता तर मी बोलणं सोडलं असतं.

शेंगदाणा_कूट
१७ नंबर नको. +१ एनआयओएस.

हातपोळला
कुठलंही घ्या, पण खात्री करून. माझ्या धाकट्या भावाने गल्लीतल्या एका 'शैक्षणिक सल्ला केंद्रा'त १८ हजार भरून तीन महिन्यांत बारावी 'पास' केली. नावात 'राष्ट्रीय'ही होतं आणि 'मुक्त'ही. गुणपत्रिका अशी सुरेख की होलोग्राम दोन. कॉलेजने पहिल्या वर्षाला घेतला, आणि सात महिन्यांनी पात्रता नाकारल्याचं पत्र आलं. फी गेली, वर्ष गेलं, केंद्राला कुलूप, तिथे आता मोमोज मिळतात. तीन महिन्यांत बारावी म्हणणारा दिसला की चप्पल घालून निघायचं.

रद्दीवाले_नाना
असे होलोग्राम मी पोत्याने पाहिले. खरं एनआयओएस दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर पडल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र देत नाही, हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे भामटे गळतात.

कुलकर्णी_दवाखाना
एनआयओएस केलंत तर 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देता येत नाही, मेडिकल विसरा.

आज्ञापत्र
जुनी माहिती. मुक्त शाळांच्या मुलांना अडवणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो विषय मुलांच्या बाजूने मिटला. आता देता येते.

वकील आहे म्हणून एक भर घालते. खरी मेख कायद्याच्या अभ्यासक्रमात आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्टीकरण आहे, की पायाची पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी किंवा पदवी मिळवलेल्यांना एलएलबीला प्रवेश नाही. आधी दहावी, मग बारावी, मग पदवी असं पायरीने आलेल्याला मुक्त शाळेचा अडथळा होत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, बीए, एमए, दोन्ही मुक्त विद्यापीठाचं, दहावीच नाही. चाळिशीत वकील व्हायचं होतं. फाइल उघडून मीच पाच मिनिटं गप्प बसले.

जळगाव_केळी
म्हणजे मी वकील होऊ शकत नाही?

आज्ञापत्र
आत्ताच्या कागदांवर नाही हो ताई. दहावी-बारावी नसताना घेतलेल्या पदवीवर नियम सरळ नाही म्हणतो.

जळगाव_केळी
व्हायचं नव्हतंच. पण 'नाही' ऐकलं की व्हावंसं वाटतं.

कुलकर्णी_दवाखाना
तरी बायोलॉजी घेतेय तर नीट द्यायला लावाच. कोळ्यांत करिअर नाही.

कैरीची_फोड
तिला डॉक्टर व्हायचं नाही. माणसांना पायच कमी, म्हणते.

टपालपेटी
ताई, एनआयओएस बारावीला विषय आपण निवडतो, तिथे एक खड्डा आहे. आमच्या ओळखीच्या मुलीने आवडीने जीवशास्त्र, मानसशास्त्र, चित्रकला, गृहविज्ञान आणि इंग्रजी घेतलं. पास झाली, छान गुण. बीएस्सीच्या यादीत नाव नाही, कारण भौतिक आणि रसायन नव्हतं. आधी कॉलेजचं माहितीपत्रक वाचायचं, मग विषय भरायचे. आणि प्रात्यक्षिकं. आम्हाला मिळालेल्या अभ्यासकेंद्रात रसायनाची प्रात्यक्षिकं दीड दिवसात उरकली, ब्युरेट एक आणि पोरं अकरा.

मुद्देसूद
बघा, शेवटी प्रयोगशाळेला शाळाच लागते. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

खवचट_मांजर
तुम्ही पहिल्यापासून डब्याबद्दल म्हणत होता.

मुद्देसूद
डब्यातही रसायनशास्त्र आहे.

(इथे डब्यात शेपूची भाजी द्यावी की नाही यावर चौदा प्रतिसाद झाले, ते संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

हडसनकाठ
थोरल्याने काल सांगितलं की त्याला मास्टर्स पुण्यात करायचं आहे. नानासाहेब, आईच्या सहीचं काही होईल का?

रद्दीवाले_नाना
पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे ना? मग आधी तिचं समकक्षता पत्र काढा. शाळेचे कागद मागितले तर आहेत ते प्रामाणिकपणे दाखवा, नवे बनवू नका. आणि मोदक इकडे आल्यावर खा.

कैरीची_फोड
मंडळी, उशिरा येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले, शेपूसकट.

ठरलं ते असं. १७ नंबरचा फॉर्म.

एनआयओएसची वेबसाइट उघडून बसले होते, विषयही टिक करून झाले होते. तर ती म्हणाली, आई, मला अकरावीला वर्गात बसायचं आहे. मी म्हटलं, का गं? म्हणाली, कॉलेजात मोठा मायक्रोस्कोप असतो आणि तो बरणीसारखा घरी आणता येत नाही. पाच वर्षं घरी शिकवलेल्या बाईला हे ऐकताना काय वाटतं ते इथे लिहीत नाही. रात्री भांडी जरा जोरात घासली.

मग हिशोब केला. राज्य मंडळाची दहावी बाहेरून, नंतर सगळ्यांसारखी अकरावी-बारावी विज्ञान. पात्रता अर्ज नको, मायग्रेशन नको. पाचवीचा दाखला शोधला तर गॅसच्या पुस्तकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडला, लॅमिनेट न केलेला (नाना, तुमची आठवण काढली). जवळच्या शाळेत संपर्क केंद्राची चौकशी केली. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "कितव्यांदा नापास?" लेक म्हणाली, "अजून एकदाही नाही, बसलेच नाहीये." बाई हसल्या आणि खुर्ची दिली. नोंदणीची खिडकी पावसाळ्यात उघडली की भरू. बालभारतीची पुस्तकं आणून ठेवली आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात कोळी शोधून झाला, अर्ध्या ओळीत उरकलाय अशी तक्रार आहे.

टपालपेटी
एनआयओएस सोडून १७ नंबर म्हणजे मला अजूनही पटत नाही. एका वेळी सगळे विषय, परीक्षेची एकच मोठी फेरी. हुकली तर जून-जुलैची पुरवणी. पण मायक्रोस्कोपचा मुद्दा बरोबर आहे.

दिवा_लोकल
अजून वेळ गेलेली नाही. भाचीचा नंबर देऊ का?

रद्दीवाले_नाना
दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी आणि अंकी जुळते का ते आजच बघा. आणि तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसंच फॉर्मवर. एका 'ए'साठी लोकांनी माझ्या टेबलापाशी रडलेलं पाहिलंय.

कैरीची_फोड
बघितलं. दाखल्यावर आडनावात एक 'ए' जास्त आहे.

रद्दीवाले_नाना
उद्या सकाळी जुन्या शाळेत जा. अकराच्या आत. साहेब चहाला जायच्या आधी.

शेंगदाणा_कूट
+१ एनआयओएस.