फोनवरचं बिल्ड नक्की कुठल्या कमिटचं (गिटमधल्या कोडच्या कुठल्या नोंदीचं), हे कमांड लाइनवरून कसं ओळखायचं?

वाकडमार्गे_हिंजवडी:
मंडळी मदत हवीय. आमच्या अ‍ॅपचं व्हर्जन फक्त रिलीजला वाढतं, मधल्या सगळ्या टेस्ट बिल्डवर (कोडवरून तयार केलेल्या अ‍ॅपवर) ४.२.० असंच दिसतं आणि बिल्ड सुटतात तीन-चार ब्रांचवरून, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या फांद्यांवरून. टेस्टिंगच्या मॅडम बावधनला घरून काम करतात, त्यांच्या फोनवर अ‍ॅप क्रॅश होतं, त्या लॉग पाठवतात, मी डेव्हलप ब्रांच उघडून त्या लाइनवर जातो तर तिथे नुसता कंस बंद केलेला. फोन ऑफिसात आला तेव्हा डिबगर लावला, तर अँड्रॉइड स्टुडिओ म्हणतो सोर्स बाइटकोडशी (फोनवर चालणाऱ्या तयार कोडशी) जुळत नाही. कुठलं बिल्ड टाकलंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "कालचंच". अ‍ॅपकडे बघून कमिट सांगेल असं काही टूल आहे का? आयओएसलाही लागेल.

कर्वेनगर_कर्नल:
दोन्हीकडे चालणारं एकच टूल शोधत बसू नका, जे लागतं ते तुमच्या मशीनवर आहेच. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन (बिल्ड काढणारं टूल) ८.३ किंवा पुढचं असेल तर रिलीज बिल्डच्या एपीकेत (अ‍ॅपच्या इन्स्टॉल फाइलीत) मेटा-इन्फ फोल्डरमध्ये व्हर्जन-कंट्रोल-इन्फो नावाची छोटी टेक्स्टप्रोटो फाइल आपोआप पडते, त्यात गिटचा पूर्ण हॅश, म्हणजे कमिटचा ओळखक्रमांक, असतो. मॅडमना फोन घेऊन यायला लावायची गरज नाही, त्यांच्याकडे एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं टूल) असेल तर पीएम पाथने एपीकेचा पत्ता काढायचा, एडीबी पुलने बेस एपीके खेचून पाठवायची, तुम्ही अनझिप करून फाइल वाचा. डिबग बिल्डला हे हवं असेल तर बिल्ड टाइपमध्ये व्हीसीएस इन्फोचं इन्क्लूड ट्रू करा.
पण यात एक मेख आहे, तिथे फक्त हेडचा (त्या वेळी उघडलेल्या कमिटचा) हॅश जातो. कुणी कमिट न करता लॅपटॉपवरून बिल्ड काढून दिलं तर हॅश बरोबर आणि कोड भलताच! म्हणून आम्ही गिट डिस्क्राइब, सोबत टॅग्ज, ऑल्वेज आणि डर्टी हे तिन्ही पर्याय, याचं आउटपुट बिल्ड कॉन्फिगमध्ये घालून सेटिंगच्या तळाशी दाखवतो. शेवटी डर्टी (कमिट न केलेले बदल आहेत) असं दिसलं की तो बग आम्ही घेतच नाही, परत बिल्ड द्या म्हणतो.

सदाशिव_सर्व्हर:
व्हर्जन कोड नावाची गोष्ट असते. सीआयचा (आपोआप बिल्ड काढणाऱ्या सर्व्हरचा) बिल्ड नंबर तिथे टाका, डम्पसिस पॅकेजला दिसतो. एवढ्यासाठी एपीके उघडायची?

कर्वेनगर_कर्नल:
@सदाशिव टाकावाच, पण त्यावरून हॅश काढायला सीआयचे जुने लॉग शिल्लक असावे लागतात, आणि लॅपटॉपवरच्या बिल्डला तो नंबर मिळतच नाही.

पौड_फाटा:
आयओएसचं सांगतो. तिथे कमिट कळून भागत नाही. तोच कोड त्याच सेटिंगने परत बिल्ड केला तरी नवी डीसिम फाइल (क्रॅशमधल्या पत्त्यांवरून कोडची लाइन सांगणारी) जुन्या क्रॅशला चालेल असं धरून चालू नका, कारण बायनरी आणि डीसिम यूयूआयडीने (बिल्डच्या ओळखक्रमांकाने) बांधलेले असतात. क्रॅश लॉगच्या शेवटी बायनरी इमेजेसमध्ये अ‍ॅपचा यूयूआयडी बघा, मग ड्वार्फडंपला यूयूआयडीचा पर्याय देऊन डीसिमचा काढा, दोन्ही एकच असतील तरच एटॉस (पत्त्यावरून लाइन काढणारी कमांड) चालवा. म्हणून एक्सकोडचं आर्काइव्ह डिलीट करू नका, नंतर कपाळाला हात लावावा लागतो. आणि बिल्ड सीआयवर झालं असेल तर एलएलडीबीला (एक्सकोडच्या डिबगरला) सोर्सचा पाथ सापडत नाही, तिथे टार्गेटचा सोर्स-मॅप सेट करून जुना पाथ आणि तुमचा पाथ द्यायचा.
अँड्रॉइडलाही आर८ची (कोड आणि नावं आखडून टाकणाऱ्या टूलची) मॅपिंग फाइल दर बिल्डला ओव्हरराइट होते, तीही कमिटच्या नावाने जपून ठेवा, नाहीतर क्रॅशमधली मूळ नावं परत काढणाऱ्या रिट्रेसला द्यायला काही उरत नाही.

वाकडमार्गे_हिंजवडी:
मिळाला!! एपीके मागवली, आतला हॅश गिट ब्रांचला कंटेन्स लावून शोधला तर ते बिल्ड पेमेंटच्या फीचर ब्रांचचं निघालं, जी डेव्हलपमध्ये मर्जच झालेली नाही. आता लाइन बरोबर क्रॅश करणाऱ्या नलवर (रिकाम्या व्हॅल्यूवर) जाते. फक्त माझं अर्धवट काम स्टॅश करून (तात्पुरतं बाजूला ठेवून) तो कमिट चेकआउट करायचा कंटाळा येतोय.

कर्वेनगर_कर्नल:
स्टॅश कशाला, गिट वर्कट्री अ‍ॅड करून तो हॅश वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि दुसऱ्या विंडोत उघडा. लोकल प्रॉपर्टीज फाइल तेवढी कॉपी करा, ती गिटमध्ये नसते.