पुतळा बेलफास्टात, पावती बाल्टिमोरची

दर्यावर्दी: बेलफास्टच्या रोझमेरी स्ट्रीटवर २०२३ साली अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचा पुतळा बसला. गुलाम म्हणून आयर्लंडला आला, माणूस होऊन परतला. दौऱ्याचं स्मारक असावं तर असं!

जुनी_वही: ‘माणूस होऊन’? राहवलं नाही म्हणून लिहितो. मे १८४५ मध्ये त्याचं आत्मचरित्र छापून आलं. त्यात मालकाचं नाव, मेरीलँडचा मुलूख, सगळं खरं. पळालेल्या गुलामांबद्दलच्या १७९३ च्या कायद्याने धरून न्यायला आयता पत्ता. म्हणून ऑगस्टमध्ये ‘कँब्रिया’ बोट पकडली, तीही केबिन नाकारल्यामुळे स्टीअरेजमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्गात. माणूस होता म्हणूनच लिहू शकला. आयर्लंडने उपकार केले नाहीत.

काथ्याकूट: नाहीत कसे? डब्लिनच्या रिचर्ड वेबने त्या आत्मचरित्राची आवृत्ती छापली. सभा संपली की तिच्या प्रती खपायच्या, त्यावर पुढचा प्रवास. आणि १८४६ मध्ये मालकाला १५० पौंड भरून सोडवलं कुणी?

जुनी_वही: न्यूकॅसलच्या एलेन आणि अ‍ॅना रिचर्डसन यांनी. न्यूकॅसल आयर्लंडात कधी गेलं?

काथ्याकूट: बरं, इंग्लंड. झालं समाधान?

तिरपागडा: माझं नाही झालं. त्याच १८४६ मध्ये हा गृहस्थ स्कॉटलंडभर ‘पैसे परत पाठवा’ म्हणत फिरत होता. तिथल्या फ्री चर्चने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामधन्यांकडून सुमारे ३००० पौंड घेतले म्हणून. आणि इकडे मित्रमंडळी गुलामधन्यालाच पैसे मोजतायत! खरेदी केली म्हणजे मालकी मान्य केली.

जुनी_वही: हाच आक्षेप गुलामगिरीविरोधी चळवळीतल्याच हेन्री राइटने तेव्हाच घेतला होता. डग्लसने २२ डिसेंबर १८४६ ला मँचेस्टरहून उत्तर दिलं. सार असं, की ही भरपाई नव्हे, धन्याच्या तावडीतून सुटायला दिलेली खंडणी. चर्चने घेतली ती देणगी. फरक कळत नसेल तर सोडा.

तिरपागडा: खंडणीची कुणी सरकारदरबारी नोंद करतं का?

जुनी_वही: इथे करावीच लागत होती, कारण नुसत्या खरेदीने माणूस सुटत नाही, फक्त धनी बदलतो. आधी मालक थॉमस ऑल्डने भाऊ ह्यूच्या नावे १०० डॉलरला विक्रीखत केलं. मग ह्यूला १५० पौंड, म्हणजे पौंडाला ४.७४ च्या आसपास धरून ७११.६६ डॉलर. मग त्याने मुक्तिपत्र केलं आणि १२ डिसेंबर १८४६ ला बाल्टिमोरला नोंद झाली. कागदावर ‘फ्रेडरिक बेली उर्फ डग्लस, वय सुमारे २८, काम करून पोट भरण्यास समर्थ’. हे शेवटचं कौतुक नव्हे हं, मेरीलँडचा कायदा. म्हातारा, अपंग गुलाम ‘मुक्त’ करून गावाच्या गळ्यात मारू नये म्हणून.

तिरपागडा: मान्य. लुटारूंचं दप्तर फार चोख असतं.

उंबरठा: याला फुल्यांशी जोडणारं कुणी आलं कसं नाही अजून? ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण आहे म्हणून दरवर्षी कुणीतरी दोघांचा पत्रव्यवहार ठोकून देतं. अर्पणपत्रिकेत डग्लसचं नाव नाही.

काथ्याकूट: इथे कुणी म्हटलं तसं? आपणच काढायचं, आपणच भांडायचं.

उंबरठा: म्हणतील, थांबा.

दर्यावर्दी: धागा माझा आहे. पुतळा नको, असं म्हणायचंय का तुम्हाला?

जुनी_वही: असू दे. पण खाली ‘मुक्त केले’ असं कोरलेलं चालणार नाही. ‘माणूस होऊन परतला’ म्हणता ना, मग परतीचंही लिहा. लंडनच्या कचेरीत ४० पौंड १९ शिलिंग भरून पहिल्या वर्गाचं तिकीट. एप्रिल १८४७, लिव्हरपूल, बोट तीच ‘कँब्रिया’. बोटीवर गेला तर बर्थ दुसऱ्याला दिलेला. जेवण एकट्याने, सलूनच्या, म्हणजे पहिल्या वर्गाच्या दालनातल्या, मंडळीत मिसळायचं नाही, या अटीवर नेला. खिशातलं मुक्तिपत्र धक्क्यावर निकामी. ब्रिटिश वर्तमानपत्रांत बोंब उठल्यावर बोट कंपनीच्या सॅम्युएल क्यूनार्डने पुन्हा असं होणार नाही असं जाहीर केलं.

काथ्याकूट: आणि ब्रिटनमधल्याच वर्गणीतून डिसेंबरात अमेरिकेत रॉचेस्टरला त्याचं ‘नॉर्थ स्टार’ वर्तमानपत्र निघालं. तेही नको का स्मारकात?

जुनी_वही: ते हवं. पुतळ्याच्या आधी हवं.

दर्यावर्दी: ठीक. ‘माणूस होऊन’ मागे घेतो. ‘कागदपत्रं होऊन’ चालेल?