शेजारच्या बोअरनं विहीर आटली, कायदा काय म्हणतो?

अंजीरवाला (प्रश्न):
मंडळी, नोकरी हडपसरला, गाव पुरंदर तालुक्यात. शेती आई बघते. आजोबांच्या काळातली विहीर आहे, पन्नासेक फूट, वर मुरूम आणि खाली फोडलेला कातळ. अंजिराची बाग तिच्यावरच. दिवाळीनंतर बांधापलीकडच्यानं सहाशे फुटांपर्यंत बोअर मारली. त्याची मोटर सुरू झाली की तासाभरात आमच्या विहिरीची खालची पायरी उघडी पडते. आई म्हणते, "पाणी त्याच्या रानात लागलं, आपण काय बोलणार?" माणूस वाईट नाही, भांडण करायचं नाही. पण माझ्या विहिरीतलं पाणी ओढायचा हक्क त्याला आहे का?

कोथरूडची वकील:
तुमच्या आई कायद्याला धरूनच बोलताहेत. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम असंच सांगतो: जमिनीखालचं जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते मालकानं आपल्या हद्दीत खुशाल गोळा करावं. जमीन त्याची, पाणी त्याचं.

महाराष्ट्रानं २००९ मध्ये भूजल अधिनियम केला, तो २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरच्या (साधारण दोनशे फुटांच्या) पुढची ती 'खोल विहीर'. शेजाऱ्याची बोअर त्याच्या तिप्पट भरते. पण खरा चाप अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारनं या कायद्याखाली जाहीर केलेल्या भागात. तुमचं पाणलोट क्षेत्र त्यात येतं का, हे आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारा, मुख्यालय पुण्यातच आहे. येत नसेल तर कोर्टात जाऊन फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

जुना बोअरवाला:
उमेदीची वर्षं बोअर मारायच्या गाडीवर गेली, म्हणून सांगतो. आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या कातळात, सहाशे फुटांवर काय तळं भरलेलं नसतं. पाणी भेगांतून फिरतं. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाला बसवलेला पाइप, मुरूम संपला की थांबवतात, त्याखालच्या भेगा बोअरला उघड्याच. तुमच्या विहिरीचे झरे त्याच भेगांतले असणार. आधी पुरावा करा. मोटर बंद असताना टेप सोडून पातळी लिहा, चालू झाल्यावर परत लिहा. तारीख, वेळ सगळं टाका.

अंजीरवाला:
म्हणजे ज्याचा खिसा खोल त्याचं पाणी! (आजोबांनी विहीर खणली तेव्हा कुणाचा झरा तोडला होता, देव जाणे.) कायदा बदलायचा तर नेमकं काय बदलायचं?

कोथरूडची वकील:
पाणी जमिनीपासून सोडवायचं. उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी माणशी, अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. कालव्याच्या पाण्याबाबत २००५ च्या कायद्यानं निदान पाणी वापर संस्थांना मोजून कोटा द्यायची सोय केली. विहिरी-बोअरवाल्यांना तसा मोजून कोटा सरसकट मिळत नाही. माझ्या मते एका पाणलोटातल्या सगळ्या विहिरी आणि बोअर मिळून एक संस्था, एक हिशेब असा कायदा हवा. मोठे बागायतदार ओरडतील, ओरडू देत.

अंजीरवाला:
कायदा होईल तेव्हा होईल. रविवारी गावी जातोय, शेजाऱ्यालाच विहिरीवर बोलावतो आणि त्याच्यासमोर मोजतो. साधा टेप चालेल का?

जुना बोअरवाला:
चालेल की. टोकाला जड नट बांध, नाहीतर पाण्यावर तरंगतो आणि आकडा चुकतो.