गिरिराज कोंबडी कालपासून शेपटी पाडून उभी आहे, मानमोडी (राणीखेत रोग) असेल का?

परसातला_चिपळूण
गिरिराज, वय १० महिने, वजन अंदाजे अडीच किलो. कालपासून अंग फुगवून, शेपटी पाडून कोपऱ्यात उभी. चालली तर फेंगडी चालते, मधेच कुंथते. खाणं बंद, पाणी थोडं पिते. शिट जेमतेम, पांढरी, पाण्यासारखी. परवाचं अंडं बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्याचं होतं. बाकीच्या ६ ठणठणीत. खायला तांदळाची कणी, कोंडा, घरातलं उरलंसुरलं. दुकानदार टेट्रासायक्लिनची पुडी पाण्यातून द्या म्हणतो. देऊ का?

डालगं
पुडी राहू द्या. लस न टोचलेल्या कोंबड्यांत मानमोडी शिरली की एकीवर भागत नाही. हिरवी हगवण, चोच उघडी टाकून श्वास, वाकडी मान, आणि दोन-चार दिवसांत शेजारणीही बसतात. तुमच्याकडे एकच आजारी आहे, म्हणून आधी ती एकटीच तपासा.

छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर दुखणं जुनं: जंत, उवा किंवा उपासमार. गळ्याखालची दाण्याची पिशवी पहाटे रिकामी असायला हवी. दगडासारखी घट्ट असेल तर तुंबली आहे, लिबलिबीत असून आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय. गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकर मारून उलटा, मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ दिसतात.

पण तुमचं वर्णन वाचून मला अंडं अडकल्याचाच संशय येतो. नख कापा, बोटाला खोबरेल लावा आणि गुदद्वारातून हळूच आत, दोन पेरांपर्यंत. टणक, गोल काही लागतं का?

परसातला_चिपळूण
पिशवी रिकामी, उवा नाहीत. दीड-दोन इंचांवर टणक, गोल लागतंय.

तलंग_आणि_तुरा
मग आजच्या आज हालचाल करा, दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका. घमेल्यात कोमट पाणी घ्या, ३८ ते ४० अंश. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१च्या आसपास असते, त्यामुळे हाताला सुखद लागेल तेवढंच गरम. पोट बुडेल असं २० मिनिटं बसवा. नंतर नीट कोरडी करून गुदद्वाराच्या कडेला आतून खोबरेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार जागी डालग्याखाली ठेवा. इतर कोंबड्या जवळ नकोत, टोचतात.

डी-३ असलेली ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची अर्धी गोळी कुस्करून पाण्यात कालवा आणि चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा. घशात ओतू नका: श्वासाचं भोक जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं.

पोट दाबून अंडं ढकलायचं नाही, आत फोडून काढायचं तर मुळीच नाही. कवचाचे तुकडे आतून कापतात आणि पोटात पू होतो. चार तासांनी पुन्हा एकदा शेक. तरीही काही नाही तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना; तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देता येतं.

डालगं
टेट्रासायक्लिनबद्दल एवढंच की ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दोन्ही एकदम दिलीत तर ना औषध लागू पडेल ना कॅल्शियम.

मूळ घोळ खाण्यात दिसतो. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कणीत ते नावालाच असतं; कोंड्यात फॉस्फरस जास्त, तो उलट कॅल्शियम अडवतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की आधी पातळ कवच, मग पापुद्रा. गर्भाशयाच्या स्नायूंनाही जोर राहत नाही, अंडं पुढे सरकत नाही. परवाचं ते अंडं म्हणजे सूचनाच होती.

परसातला_चिपळूण
दुसऱ्या शेकानंतर पडलं. मोठं, खडबडीत. आता दाणे टिपतेय. घरात तिसऱ्यांची शिंपलं पडून आहेत, चालतील?

तलंग_आणि_तुरा
चालतील. चुलीत भाजा, ज्वारीएवढे तुकडे कुटा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका, हवं तेवढं ती स्वतः टिपते. पुढचे चार-पाच दिवस रोज अंडं हाताळून बघा. पोट पाण्याच्या फुग्यासारखं लोंबायला लागलं तर मात्र तो वेगळा आजार, लगेच दवाखाना.