पंचवीस मिनिटांत पुणे झालं नाही, त्यात माझ्या आईचा काय दोष?

सोलापूरची_लेक:
काल 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की उद्याची म्हणून गाजवलेली यंत्रं आपल्याकडे रुजत नाहीत, कारण आपल्या लोकांना सवयी बदलायच्याच नसतात. उदाहरणं दोन. मुंबई-पुणे हायपरलूप, म्हणजे हवा काढलेल्या नळीतून डबा पळवून पंचवीस मिनिटांत पुणं गाठायची योजना, म्हणे राजकारणाने घालवला, आणि सोलर कुकर 'बायकांनी माळ्यावर टाकला'. हे दुसरं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हायपरलूप. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' या गुंतवणूक मेळाव्याच्या मांडवात व्हर्जिन हायपरलूप वन या अमेरिकन कंपनीशी करार झाला. २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्प ठरवलं. पुण्याजवळ गहुंजे ते उर्से अशी ११.८ किलोमीटरची चाचणी मार्गिका ठरली, संपूर्ण प्रकल्पाचा खर्च ७०,००० कोटींचा. हे सगळं ठरलं तेव्हा त्या कंपनीने नळीत एकही माणूस बसवलेला नव्हता! तो बसला नोव्हेंबर २०२० मध्ये, नेवाडाच्या वाळवंटात, ५०० मीटरच्या नळीत, ताशी १७२ किलोमीटर वेगाने. एवढा वेग रुळावरच्या गाडीला कधीच साधलाय. २०२२ मध्ये कंपनीने प्रवाशांचा नाद सोडून मालवाहतूक धरली, जवळपास निम्मी माणसं काढली, आणि २०२३ संपताना कंपनीच बंद झाली. जगात कुठेही त्यांची प्रवासी गाडी धावली नाही. मग सगळ्या जगात आपलंच राजकारण आडवं आलं का?

आता कुकर. १९८७ साली बाबांनी सरकारी अनुदानावर घेतला. ॲल्युमिनियमची सुटकेस असावी तशी पेटी, झाकणाला आतून आरसा, खाली दुहेरी काच, आत काळ्या रंगाचे चार डबे. गल्लीतली माणसं बघायला आली होती. सोलापूरला उन्हाचा तुटवडा नाही, हे सांगायला नको. पण आई शिक्षिका, शाळा सकाळची. साडेसहाला ती घराबाहेर, आणि त्याआधी पोळ्या, भाजी, आमचे दोघांचे डबे. त्या वेळी ऊन कुठून आणायचं? वरण-भात दहा-साडेदहाला लावायचा, अर्ध्या-अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे वळवायची, वाफ धरली की काच पुसायची. घरात माणूस कोण होतं? त्यात फोडणी होत नाही, पोळी होत नाही. म्हणजे गॅस पेटवायचाच. तरी आईने पाच वर्षं दर रविवारी लावला. तुरीचं वरण इतकं मऊ शिजायचं की घोटावं लागत नसे. शेवटी काचेचं रबर गेलं. ते आणायला बाबा तीनदा गेले आणि तीनदा 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत आले. त्यानंतर कुकर माळ्यावर गेला. माझी आई बदलायला तयार नव्हती असं कुणीही म्हणायचं नाही.

स्पष्टवक्ता:
भावना समजल्या, पण एका आईची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. लाखो कुकर विकले गेले. सगळ्याच बायका साडेसहाला शाळेत जात नव्हत्या. ज्या घरी होत्या त्यांनी काय केलं? आणि हायपरलूपबद्दल: २०१९ च्या शेवटी सरकार बदललं आणि फाइल बाजूला पडली. चाचणी मार्गिका इथे झाली असती तर शिकायला आपल्याला मिळालं असतं. 'आधी जगात कुठे चालू दे, मग बघू' याच वृत्तीने आपण मागे राहतो.

पासवाला_शिवाजीनगर:
अहो, शिकण्यापायी ७०,००० कोटींचा प्रकल्प? मी २२ वर्षं डेक्कन क्वीनचा पास काढला. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. आज नव्वदच्या वर वर्षं झाली आणि अजून तीन तासांच्या वर लागतात. कर्जतला थांबायचं, मागून ढकलायला इंजिनं लावायची, मग घाट चढायचा. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, त्यात साडेपाचशे मीटरची चढण, ३७ ला १ असा चढ. १८६३ साली खुला झालेला घाट आपण अजून चढतोय. त्यात पावसात दरड आली की नेरळला दोन-दोन तास बसायचं. माझ्या मुलीचं बारसं मी कल्याणच्या फलाटावर उभं राहून फोनवर ऐकलंय.

हिशोब करा. हायपरलूपचा मूळ २०१३ चा आराखडा, लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्कोचा. त्यात एका डब्यात २८ माणसं आणि सरासरी दोन मिनिटांनी एक डबा. म्हणजे तासाला ८४०. आमच्या एका डेक्कन क्वीनमध्ये हजाराच्या वर माणसं बसतात, उभी राहणारी वेगळीच. एवढा पैसा घाटात नव्या मार्गाच्या बोगद्याला द्या, दोन तासांत आणतो म्हणा, आम्ही हार घालू.

पॅराबोला:
पासवाले, गणित बरोबर आहे. भौतिकशास्त्रही त्याच बाजूने आहे. ताशी १,००० किलोमीटर वेगाने वळायचं आणि पोटातलं पाणी हलू द्यायचं नाही, तर वळणाची त्रिज्या १५ किलोमीटरच्या आसपास लागते. खंडाळ्यात एवढं सरळ जायचं तर डोंगराच्या पोटातूनच. हायपरलूपसाठी मी भांडणार नाही.

पण सोलर कुकरला त्याच्या रांगेत बसवलेलं मला सहन होत नाही. ऐंशीच्या दशकात मी सातारा-सांगलीच्या गावांत हे कुकर दाखवत फिरलोय. एस.टी.च्या टपावर पेटी बांधायची, उतरताना काच फुटली नाही ना ते आधी बघायचं. माण तालुक्यातल्या एका वाडीत एक आजी होत्या. त्या सकाळी नऊला पेटी अंगणात लावायच्या आणि जित्राबांकडे बघत बघत वळवायच्या. वर्षातले आठ महिने त्यांनी डाळ-भातासाठी चूल पेटवली नाही, डोळ्यांतलं पाणी थांबलं. ही थाप होती का? आणि शिर्डीला जाऊन बघा. २००९ पासून प्रसादालयावर ऊन एकवटणाऱ्या ७३ तबकड्या आहेत, एकेक १६ चौरस मीटरची. त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचं जेवण शिजतं. तंत्र फसलेलं नाही.

सोलापूरची_लेक:
शिर्डीला तबकड्या पुसायला, सांभाळायला पगारी माणसं आहेत, आणि ऊन नसेल तेव्हा दुसरा बॉयलर आहे. माझ्या आईकडे यातलं काय होतं? तुमच्या आजी दिवसभर अंगणात होत्या म्हणून जमलं. तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध केलंत.

चवथा_मजला:
अंगण हा शब्द निघाला म्हणून लिहितो. ठाण्यात राहतो. २०१५ साली हौसेने पेटी घेतली. घरात ऊन येतं सकाळी पाऊण तास, तेही ग्रिलच्या पट्ट्यांतून. म्हणून गच्चीवर नेली. चौथ्या दिवशी गच्चीला कुलूप. सोसायटीचे पदाधिकारी म्हणाले, गच्ची सामाईक आहे, स्वयंपाक चालणार नाही, उद्या कुणी शेगडी आणेल. अहो, यात विस्तव नाही, धूर नाही! तीन सभांमध्ये विषय मांडला. तिसऱ्या सभेत वीस मिनिटं पार्किंगवर आणि माझ्या विषयावर दोन मिनिटं. किल्ली आजही पदाधिकाऱ्यांकडे आहे. पापड वाळवायचे तरी अर्ज द्या! उन्हावर हक्क कुणाचा, हे आधी ठरवा. मग लोकांच्या सवयींवर बोला.

स्पष्टवक्ता:
म्हणजे पुन्हा लोकच! तुमच्या सोसायटीचे पदाधिकारी काय मंगळावरून आले का? मी हेच म्हणतोय.

चवथा_मजला:
तुम्ही 'बायकांनी माळ्यावर टाकला' म्हणालात. पदाधिकारी पुरुष आहेत. पाचही.

मडगांवकार:
चर्चा कुकरवर गेली आहे, पण आमच्याकडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कायबस. कोकण रेल्वेने मडगावला १.६ किलोमीटरचा उंच मार्ग बांधला. खांबांवर तुळई, आणि तिच्याखाली लटकणारा डबा. रस्त्यावर जागा नको, जमीन संपादन नको, असं स्वप्न होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, आम्ही मुद्दाम बघायला जायचो. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणीत डबा खांबावर आपटला आणि एक कर्मचारी गेला. पुढे काम थांबलं. ते खांब २०१३ पर्यंत तसेच उभे होते. मी रोज त्यांच्याखालून कामाला जायचो आणि दर वेळी त्या माणसाची आठवण यायची. आधी चाचणी, नंतर घोषणा, एवढंच मागणं होतं आमचं. गोव्यात ते उलटं झालं. तुमच्याकडे घोषणेवरच थांबलं, हे नशीब समजा.

पासवाला_शिवाजीनगर:
नमस्कार तुम्हाला. हे माहीत नव्हतं.

पिट्सबर्गहून_मानसी:
एक दुसरी बाजू. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चेहरा दाखवणारा फोन आला होता, पिक्चरफोन. १९७० मध्ये त्याची पहिली व्यापारी सेवा आमच्या याच पिट्सबर्गमध्ये सुरू झाली. महिन्याला १६० डॉलर भाडं! आणि समोरच्याकडेही तेच यंत्र हवं. काही वर्षांत गुंडाळलं. तेव्हा अमेरिकेतही लोक हेच म्हणाले असतील की माणसांना सवय बदलायची नाही. आता माझी आई कऱ्हाडहून रोज सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लावते, इथे तेव्हा रात्रीचे दहा. फोन तुळशीपुढे उभा करते आणि पूजा करता करता बोलते. तिने कुठलीही सवय बदलली नाही. यंत्र तिच्या वेळेत आलं, तिच्या हातात आधीच असलेल्या फोनमध्ये. म्हणून सोलापूरच्या ताईंना सांगेन, कुकरही कधीतरी असा येईल. त्याला कायमचा फसलेला म्हणू नका.

सोलापूरची_लेक:
मानसी, तुमची गोष्ट आवडली, पण निष्कर्ष पटत नाही. पुण्यात छपराछपरांवर सौर बंब दिसतात. ते का टिकले? दिवसभर पाणी तापतं, टाकीत गरम राहतं आणि सकाळी सहाला नळाला येतं. माणसाने काहीच करायचं नसतं. कुकरला उष्णता साठवता येत नव्हती. ती उणीव यंत्राची होती आणि ती आईच्या वेळापत्रकातून वसूल केली गेली.

पॅराबोला:
वसूल केली गेली? जरा जपून बोला. आम्ही २०-२५ वर्षांची पोरं, तुटपुंज्या मानधनावर, उन्हातान्हात फिरायचो. रॉकेलच्या रांगा कमी व्हाव्यात, जळणाच्या मोळ्या उतराव्यात, एवढंच डोक्यात होतं. आमच्या कामाला फसवणूक म्हणता? तुम्ही रविवारी पाच वर्षं मऊ वरण खाल्लंत, ते कुणामुळे?

सोलापूरची_लेक:
फसवणूक हा शब्द मी वापरलेला नाही, वर जाऊन वाचा. मी विचारतेय ते वेगळं आहे. गावात प्रात्यक्षिकाला तुम्ही किती वाजता जायचात?

स्पष्टवक्ता:
आता ही उलटतपासणी सुरू झाली. मूळ विषय हायपरलूप होता.

पासवाला_शिवाजीनगर:
हायपरलूप आटोपला. उत्तर येऊ द्या.

पॅराबोला:
दुपारभर उत्तर लिहून खोडत होतो.

अकराला जायचो. डाळ-तांदूळ आदल्या रात्रीच आमच्याकडे भिजवलेले असायचे, सोबत घेऊन जायचो. पेटी आधी तासभर रिकामी तापवून ठेवायचो. दोनला झाकण उघडायचं, बायका वाफ बघून तोंडावर हात ठेवायच्या, फोटो, आणि साडेतीनची एस.टी. संध्याकाळी त्या घरांत कशावर शिजतंय, हे बघायला आम्ही कधीही थांबलो नाही. नोंदवहीत 'पसंत पडले का' असा रकाना होता. 'तुम्ही किती वाजता रांधता' असा रकाना नव्हता. माणच्या आजींची गोष्ट खरी आहे, पण त्या एकट्याच होत्या ज्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो. एवढं मान्य. तंत्र चांगलं होतं, हे मात्र मी मरेपर्यंत म्हणणार.

सोलापूरची_लेक:
तंत्र वाईट आहे असं मी कधी म्हटलं? पेटी अजून आहे. आई आता ७८ वर्षांची, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतः माळ्यावरून उतरवून घेतली, बाजारातलं साधं रबर बसवून घेतलं, आणि त्यात कुटाचे दाणे भाजते. कढईपेक्षा एकसारखे होतात, करपत नाहीत, अकराला ठेवून ती पोथी वाचत बसते. फक्त डब्यांचा काळा रंग सगळा उडालाय. तो कुठला लावायचा, सांगता का?

पॅराबोला:
उष्णता सोसणारा काळा रंग घ्या, चकाकी नसलेला. चकचकीत घेतलात तर ऊन परत जाईल. फक्त बाहेरून लावा, आतून थेंबही नको. जुना रंग घासून काढा, नाहीतर पापुद्रे निघतील. रंगवल्यावर दोन दिवस रिकामे डबे पेटीत उन्हात ठेवा, वास पूर्ण गेला की मगच दाणे. आणि दाणे भाजताना डब्यावर झाकण ठेवू नका, ओल धरते. आईंना नमस्कार सांगा.

स्पष्टवक्ता:
'बायकांनी' हा शब्द मागे घेतो. चाचणी मार्गिका व्हायला हवी होती, हे मत कायम.

चवथा_मजला:
माझी पेटी नवीकोरी पडून आहे. ठाण्याच्या आसपास कुणाकडे अंगण असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त अर्ध्या-अर्ध्या तासाने वळवणारं माणूस घरात असेल तरच सांगा.